‘थँक्यू’च्या पुढचं इंग्रजी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी कराडला गेली 14 वर्षं घरीच स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे मराठी मीडियमचे, कुणी डीएड झालेली मुलगी, कुणी एमआयडीसीत सुपरवायझर, नर्सिंगच्या दोन-तीन मुली तर प्रत्येक बॅचला असतातच, आणि हल्ली पन्नाशी-साठीच्या बायका पण येतात, मुलगा बाहेरदेशी असतो आणि नातवाच्या टीचरशी नाहीतर तिथल्या शेजारणीशी दोन वाक्यं धड बोलता यावीत एवढीच त्यांची इच्छा असते. पत्र लांबलंय, जागा असेल तेवढं छापा, पण विषय बरेच दिवस मनात होता म्हणून सगळंच लिहिते.

पेपरात अधूनमधून कुणीतरी लिहितं की मराठी माणसाला थँक्यू म्हणायची सवयच नाही, इंग्रज लोक बघा उठता-बसता आभार मानतात. हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण हेच ऐकत ऐकत मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की आपल्याला मॅनर्स नाहीत, आधी मॅनर्स शिकायचे आणि मग इंग्रजी. असं काही नाहीये. आपल्याला आभार मानता येतात, फार छान येतात, फक्त शाळेने आपल्याला थँक्यू हा एक शब्द दिला आणि तिथेच सोडून दिलं.

आपल्याकडे 2000 सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं, रामकृष्ण मोरे सर शिक्षणमंत्री होते तेव्हा, आमच्या वेळी पाचवीपासून असायचं. म्हणजे तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता तिशीच्या पुढे आहेत, नोकऱ्या करतायत. पण आभाराच्या बाबतीत माझ्या पिढीचं आणि त्यांचं इंग्रजी अजून सारखंच आहे. पहिलीत बाई हातात खडू देतात आणि मूल म्हणतं थँक्यू टीचर, ते झालं एक टोक. मग एकदम वरच्या वर्गात अर्जलेखन येतं, टू द हेडमास्टर, आणि खाली थँकिंग यू, युअर्स ओबिडियंटली, ते दुसरं टोक. मधलं काहीच नाही. एकतर बालवाडीतलं थँक्यू नाहीतर साहेबाला केलेल्या अर्जातलं, आणि माणूस जगतो तो तर सगळा त्याच्या मध्येच, शेजारी, मैत्रिणी, बरोबर काम करणारे, दवाखान्यात रात्रभर बसलेला भाऊ.

मला स्वतःला हे कळलं ते 2019 साली, मुलाकडे इंग्लंडमध्ये लीड्सला तीन महिने होते तेव्हा. तिथे बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणून उतरतात, अगदी शाळकरी पोरं पण, दुकानातली बाई सुट्टे परत देताना थँक्यू लव्ह म्हणते, तरुण मुलं चिअर्स म्हणतात आणि त्याचा ग्लासाशी काही संबंध नसतो, तेही थँक्यूच. हे सगळं मी चार दिवसात उचललं, ते सोपं आहे. अवघड होतं ते वेगळंच.

पहिल्याच आठवड्यात मला ताप आला, मुलगा-सून दोघं कामावर, आणि शेजारच्या आजी, सत्तरी ओलांडलेल्या, दारात सूपचा वाडगा घेऊन उभ्या. मी दोन्ही हातांनी वाडगा घेतला, थँक्यू म्हटलं आणि पुढे काही सुचेचना. मनात केवढं तरी होतं, की अहो ओळख ना पाळख आणि बहिणीसारखं धावून आलात, पण तोंडातून बाहेर आलं ते एवढंच. त्या जरा वेळ थांबल्या आणि गेल्या. आता भांडं रिकामं परत द्यायचं नाही हे तर आपल्या हाडीमाशी असतं, म्हणून बरी झाल्यावर बेसनाचे लाडू वळले, वाडग्यात भरले आणि घेऊन गेले. त्यांनी झाकण काढलं आणि म्हणाल्या, ओह, यू शुडंट हॅव! माझा चेहराच उतरला. शुड म्हणजे पाहिजे, शुडंट हॅव म्हणजे करायला नको होतं, असं शिकलेली मी, मला वाटलं काहीतरी चुकलं, त्यांना गोड चालत नसेल, किंवा यांच्यात भांडं नुसतं धुऊन द्यायची रीत असेल. रात्री मुलाला सांगितलं तर तो म्हणाला आई, अगं त्या ‘अहो कशाला एवढं केलंत’ म्हणाल्या.

मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. कारण हे वाक्य माझी आई म्हणायची, सासूबाई म्हणायच्या, मी स्वतः आयुष्यभर म्हणत आले. तेच वाक्य होतं ते, आणि मला ओळखू आलं नाही, कारण मला इंग्रजीत आभार म्हणजे थँक्यू एवढंच माहीत होतं.

त्या दिवसापासून मी एक वही केली. डाव्या बाजूला आपण काय म्हणतो ते, उजव्या बाजूला तिथली माणसं काय म्हणतात ते, कान देऊन ऐकायचं आणि लिहायचं. आणि वही भरत गेली तसं मला कळत गेलं की आपण जे धन्यवाद या शब्दाचं इंग्रजी करायला बघतो तिथेच गाडी चुकते, कारण धन्यवाद आपण घरात कुणाला म्हणतच नाही, तो शब्द स्टेजवरचा, आभारप्रदर्शनातला. आपण म्हणतो ‘तू होतीस म्हणून निभावलं गं’, आणि त्याचं इंग्रजी जसंच्या तसं आहे, आय कुडंट हॅव डन इट विदाउट यू. आपण म्हणतो ‘जीव वाचवलास बाई’, ते म्हणतात यू आर अ लाइफसेव्हर. ‘बरं झालं बाई आलीस’ म्हणजे आय ॲम सो ग्लॅड यू केम, ‘तुम्हाला उगाच त्रास झाला’ म्हणजे आय होप इट वॉजंट टू मच ट्रबल, ‘किती आठवणीने आणलंस’ म्हणजे हाउ थॉटफुल ऑफ यू, आणि ‘तुमचे उपकार कसे फेडू’ म्हणजे आय डोन्ट नो हाउ टू थँक यू. जेवायला गेल्यावर आपण थँक्यू म्हणत नाही, आपण म्हणतो ‘वांगं काय झालंय हो, अजून थोडं वाढा’, आणि लीड्सला पण पाहुणे ताट ठेवताना दॅट वॉज लव्हली म्हणतात, मग यजमानाचा चेहरा खुलतो. मित्रांमध्ये छोटं काम असेल तर आय ओ यू वन, म्हणजे तुझं एक देणं लागतो. हे सगळं आपलंच आहे हो. मुलांना नवीन काही शिकवायचंच नाहीये, त्यांच्या तोंडात आहे तेच दुसऱ्या भाषेत काढायचंय.

जाता जाता एक, मला आवडलेली गोष्ट आहे म्हणून. थँक आणि थिंक हे दोन शब्द मुळात एकाच घरातले, जुन्या इंग्रजीत थँक म्हणजे विचार, मनात आठवण असणं. आणि आपल्या आभार शब्दात भार आहे, ओझं. म्हणून आपण उपकार फेडतो, ऋणात राहतो, आणि म्हणूनच जवळच्याने आभार मानले की आपण लगेच म्हणतो ‘आपल्यात कसले आभार’, म्हणजे माझं ओझं घेऊ नकोस.

यावर अभ्यास पण झालाय आणि तो आपल्याच माणसाने केलाय. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शिकवणारे महादेव आपटे यांनी 1974 साली इंग्रजीतलं थँक्यू आणि आपल्याकडच्या भाषा यावर एक निबंध लिहिला, त्यात मराठी आणि हिंदीचा विचार केलाय. त्यांनी दाखवलं की मराठी घरात, जवळच्या मैत्रीत आणि दुकानातल्या देण्याघेण्यात तोंडाने आभार मानायची रीतच नाही, ते राखून ठेवलेलं असतं औपचारिक प्रसंगासाठी, घरच्या माणसाला धन्यवाद म्हटलं तर उलट त्याला परकं केल्यासारखं होतं. म्हणजे ती उणीव नाही, ती वेगळी रीत आहे. आणि नुसती आपलीच नाही. 2018 मध्ये पाच खंडांतल्या आठ भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सिडनीचे निक एनफील्ड त्यातल्या संशोधकांपैकी एक, त्यांनी घरगुती बोलणं रेकॉर्ड करून बघितलं की मीठ दे, ते सरकव असली कामं कुणी केल्यावर समोरचा आभार मानतो का, तर सरासरी विसात एखाद्या वेळी. इंग्रजी बोलणारे बाकीच्यांपेक्षा जास्त मानतात हे खरं, पण घरात तेही बहुतेक वेळा काही न बोलता मीठ घेतात. इक्वेडोरमधल्या चापला भाषेत तर थँक्यूसाठी तयार शब्दच नाहीये आणि तिथेही माणसं एकमेकांना मदत करतच राहतात. तेव्हा बेशिस्त वगैरे जे म्हणायचं ते कृपया थांबवूया, मुलांचा धीर खचतो त्याने.

पण याचा अर्थ असा नाही की काही शिकायची गरज नाही. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला आपल्या गप्प बसण्यातला जिव्हाळा दिसत नाही, त्याला ऐकू यावं लागतं. आणि काम जेवढं मोठं तेवढं जास्त ऐकू यावं लागतं, आपलं बरोब्बर उलट असतं, उपकार मोठा असेल तर आपला गळा भरून येतो आणि आपण नुसते हात जोडतो. 1986 साली मिरियम आयझेनस्टाइन आणि जीन बॉडमन या दोघींनी अमेरिकन माणसं आणि तिथे इंग्रजी शिकणारी बाहेरची माणसं यांची तुलना केली होती. एक प्रसंग असा दिला की अडचणीत असताना मित्राने पाचशे डॉलर उसने दिले, काय म्हणाल? अमेरिकन माणूस नुसतं थँक्यू म्हणून थांबत नाही, तो म्हणतो तू वाचवलंस, मला कसं सांगू कळत नाही, मी लवकरात लवकर परत करतो, अशी चार-पाच वाक्यांची माळ होते. शिकणाऱ्यांना तीच माळ जमत नाही, भावना असते पण वाक्यं कमी पडतात, नाहीतर आय व्हेरी ॲप्रिशिएट असं काहीतरी मोडकं निघतं. हे वाचलं तेव्हा मला दारात वाडगा घेऊन उभी असलेली मीच दिसले.

आता माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते, कारण खरं तर तिच्यामुळेच हे पत्र लिहायला घेतलं. नर्सिंग झालेली मुलगी, परदेशी जायला ओईटी परीक्षा द्यायची होती, त्यात पेशंटशी बोलायचे प्रसंग इंग्रजीतून करून दाखवायचे असतात. तिला एका केरळच्या सिनियर नर्सने, त्या आता आयर्लंडमध्ये असतात, दोन महिने व्हिडिओ कॉलवर स्पीकिंगची प्रॅक्टिस दिली, एक पैसा न घेता. एकीला मल्याळम येत नाही दुसरीला मराठी येत नाही, दोघींमध्ये इंग्रजीच. परीक्षा पास झाली आणि मुलीने मेल लिहून मला तपासायला आणला. रिस्पेक्टेड मॅम, आय ॲम हायली थँकफुल टू यू फॉर युवर काइंड को-ऑपरेशन, आणि खाली थँकिंग यू, युअर्स ओबिडियंटली. व्याकरण बरोबर होतं. पण मी तिला म्हटलं हे बाजूला ठेव, त्या मॅडम आत्ता इथे समोर बसल्यात आणि त्यांना मराठी येतंय असं समज, काय सांगशील? तर ती म्हणाली, मॅडम, तुम्ही नाइट ड्युटी करून यायचात आणि न झोपता माझं स्पीकिंग घ्यायचात, घरचे म्हणत होते सोडून दे, तुम्ही नसता तर मी सोडलंच असतं. हे सांगताना तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी म्हटलं हेच लिही, एकही शब्द वाढवू नको. मग आम्ही दोघींनी बसून केलं, यू केम होम फ्रॉम नाइट ड्युटी अँड प्रॅक्टिस्ड विथ मी बिफोर यू स्लेप्ट. माय फॅमिली टोल्ड मी टू गिव्ह अप. विदाउट यू आय वुड हॅव. तिचीच वाक्यं, सगळी साधी, सातवीच्या मुलाला कळतील अशी. शेवटी थँक्यू एकदाच. दुसऱ्या दिवशी त्या मॅडमचा फोन आला तिला, मेल नाही, फोन.

थोडं तांत्रिक पण सांगून टाकते कारण बरेच वाचक क्लासला येऊ शकत नाहीत. कशाबद्दल आभार ते सांगायचं असेल तर थँक्स फॉर हेल्पिंग मी, थँक्स फॉर कमिंग, फॉरच्या पुढे क्रियापदाला आयएनजी, थँक्स फॉर हेल्प मी नाही. ॲप्रिशिएटच्या पुढे काय आवडलं ते यायलाच पाहिजे, आय रिअली ॲप्रिशिएट इट किंवा आय ॲप्रिशिएट युवर हेल्प. पण आय वुड ॲप्रिशिएट इट इफ असं सुरू केलं की ते आभार राहत नाहीत, ती विनंती होते आणि कधीकधी चिडल्यासारखी पण वाटते, तेव्हा ऑफिसच्या मेलमध्ये जपून. देवाचे आभार म्हणजे थँक गॉड, थँक्स गॉड नव्हे. थँक्स टू म्हणजे बहुतेक वेळा ‘च्यामुळे’. उत्तर देताना मेन्शन नॉट हे फक्त आपल्याकडेच चालतं, तिकडे डोन्ट मेन्शन इट, नो वरीज, एनी टाइम, हॅपी टू हेल्प, आणि हे सगळं म्हणजे आपलं ‘असू दे हो’ आणि ‘त्यात काय एवढं’. चहा नको असेल तर नुसतं नो नाही, नो थँक्यू, आणि हवा असेल तर पहिल्यांदाच यस प्लीज म्हणायचं, आपल्यासारखा तीनदा आग्रह तिथे होत नाही, एकदा नको म्हटलं की किटली खाली ठेवतात. माझ्या क्लासमधल्या आजींना मी हे सगळ्यात आधी सांगते.

आणि एक गोष्ट पुस्तकात कुठेच सापडत नाही ती म्हणजे जोर कुठे द्यायचा. समोरच्याने थँक्यू म्हटलं आणि खरं तर आपणच आभार मानायला हवेत असं असेल तर ते उलट थँक यू म्हणतात पण जोर यूवर, थँक हळू आणि यू ठासून. मुलांना हे काही केल्या जमेना, कारण आपल्या बोलण्यात नुसत्या जोरावर फारसं भागत नाही, आपण शब्दाला च लावतो. मग एक दिवस सुचलं आणि सांगितलं की हे म्हणजे ‘अहो, तुमचेच आभार’, तो जो च आहे ना तो इंग्रजीत आवाजात असतो. त्या दिवशी सगळ्या बॅचला पाच मिनिटात आलं.

माझी विनंती पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांना आणि वर्गावर जाणाऱ्या बाई-सरांना आहे. पहिलीतलं थँक्यू टीचर राहू दे, अर्ज पण राहू दे, नोकरीला लागतो तो. पण मधल्या वर्गांमध्ये, पाचवी ते आठवी म्हणा, मुलांना आधी मराठीत विचारा की घरी कुणी काही केलं तर तुम्ही काय म्हणता, आई काय म्हणते, आजी काय म्हणते, ते फळ्यावर लिहा आणि मग त्याचं इंग्रजी करा. कोल्हापूरकडचं पोरगं वेगळं सांगेल, नागपूरचं वेगळं, मालवणातलं वेगळं, सगळं लिहा. यू शुडंट हॅव हे वाक्य आठवीच्या मुलाला कळत असेल तर ते त्याला पुढे जगात कुठेही उपयोगाला येईल. आणि संपादकसाहेब, आपल्या मुलांच्या पानावर अशा जोड्या आठवड्याला दोन-दोन छापता आल्या तर बघा, वही मी द्यायला तयार आहे.

माझ्या नवीन बॅचला पहिल्या दिवशी मी आता एकच प्रश्न विचारते, तुमच्यासाठी कुणी केलेली एखादी गोष्ट सांगा जी तुम्ही घरी येऊन सांगितलीत. मागच्या बॅचला एक टेम्पो चालवणारे दादा होते, पन्नाशीचे, शिक्षण दहावी, महिनाभर फारसं बोलले नव्हते. शेवटच्या दिवशी मी तोच प्रश्न परत विचारला, या वेळी इंग्रजीतून सांगायचं होतं, आणि ते उठून उभे राहिले. खंबाटकी घाटात रात्री अकराला टायर गेला होता, एक ट्रकवाला आपणहून थांबला होता. ही हेल्ड द टॉर्च टिल आय फिनिश्ड, ते म्हणाले. ही टुक नो मनी. आय फर्गॉट टू आस्क हिज नेम.

आपली,
एक शिक्षिका, कराड